ग्रेचोची गव्हाण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तीत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र तुम्ही लिहा, असे कार्यकारिणीतील भगिनींनी मला सांगितले. थोर व्यक्ती पुष्कळ आहेत. परंतु गेली बरीच वर्षे मी आमच्या चर्चमध्ये पाच ते आठ वर्षांच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, आणि डिसेंबर उजाडला की आयांच्या तोंडून एकच तक्रार ऐकते. मुले कपडे, केक, चांदण्या आणि सांताक्लॉज यांतच रमून जातात; त्यांच्या मनात येशूबाळाला जागा राहावी कशी? या प्रश्नाचे उत्तर मला आठशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका माणसाच्या आयुष्यात सापडले. म्हणून असिसीचे संत फ्रान्सिस यांचे चरित्र मी निवडले आहे. आपल्या मंडळात निरनिराळ्या धर्मांच्या भगिनी आहेत. सण नाताळचा असो की दिवाळीचा, आईची अडचण एकच असते. तेव्हा हे चरित्र सर्वांनाच आपले वाटेल, अशी मला आशा आहे.

इटली देशाच्या मध्यभागी उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील असिसी गावात ११८१ किंवा ११८२ साली फ्रान्सिसचा जन्म झाला. वडील पिएत्रो बर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी होते. आईचे नाव पिका. मूल जन्मले तेव्हा वडील व्यापारासाठी फ्रान्समध्ये गेले होते. आईने बाळाचे नाव योहान ठेवले. वडील परत आले आणि त्यांनी ते बदलून फ्रान्सिस केले. घरात पैशाला तोटा नव्हता. मुलगा देखण्या कपड्यांचा, गाण्याबजावण्याचा आणि मित्रांना मेजवान्या देण्याचा शौकीन निघाला. वडिलांच्या दुकानात तो बसे, पण मिळवण्यापेक्षा उधळण्याकडे त्याचा हात सैल होता. त्याला सरदार व्हायचे होते, लढाईत नाव कमवायचे होते.

ती संधी लवकरच आली. १२०२ साली असिसी आणि शेजारचे पेरुजिया या दोन नगरांत लढाई झाली. असिसीचा पराभव झाला आणि फ्रान्सिस पकडला गेला. सुमारे वर्षभर तो शत्रूच्या तुरुंगात होता. सुटून घरी आला तो आजारी होऊनच. अंथरुणावर पडल्यापडल्या पूर्वीच्या आयुष्याची गोडी ओसरू लागली. बरा झाल्यावर पुन्हा एकदा तो घोड्यावर बसून लढाईला निघाला, पण अर्ध्या वाटेवरून परतला. आपण कोणाची चाकरी करायची, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना.

त्या काळी महारोग्यांना गावाबाहेर राहावे लागे. फ्रान्सिसला त्यांची इतकी किळस होती की, दुरून दिसले तरी तो नाक धरून वाट बदली. एके दिवशी असाच एक महारोगी समोर आला. फ्रान्सिस घोड्यावरून उतरला, त्याच्या हातावर पैसे ठेवले आणि त्याला जवळ घेतले. पुढे आयुष्याच्या अखेरीस आपल्या मृत्युपत्रात, आपला पालट महारोग्यांच्या सहवासात सुरू झाला, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. ज्याच्यापासून आपण तोंड फिरवतो त्याच्यातच देव भेटतो, ही गोष्ट त्यांना प्रथम हातांनी कळली आणि मग मनाला पटली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. लहान मुलांनाही धर्म असाच, आधी हातांनी कळतो.

असिसीबाहेर सान दामियानो नावाचे एक मोडकळीस आलेले देऊळ होते. तेथील क्रुसासमोर प्रार्थना करताना, प्रभू आपले घर दुरुस्त करायला सांगत आहे, असे फ्रान्सिस यांना जाणवले. त्यांनी वडिलांच्या दुकानातले कापड आणि घोडा नेऊन विकला आणि पैसे देवळासाठी आणले. वडील संतापले. प्रकरण बिशपांपुढे गेले. १२०६ साली भर चौकात फ्रान्सिस यांनी पैसे तर परत केलेच, पण अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांच्या पायांशी ठेवले, आणि यापुढे आपला पिता तो स्वर्गातला एकच, असे जाहीर केले. बिशपांनी आपल्या झग्याने त्यांचे उघडे अंग झाकले. या प्रसंगी त्या आईच्या जिवाचे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

पुढे काही वर्षे त्यांनी स्वतःच्या हातांनी दगडधोंडे वाहून पडकी देवळे बांधली. हळूहळू सोबती मिळाले. १२०९ साली अकरा सोबत्यांसह ते रोमला गेले आणि पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या राहणीला तोंडी मान्यता दिली. घर नाही, जमीन नाही, पैशाला हात लावायचा नाही, काम करायचे किंवा भिक्षा मागायची आणि लोकांना सोप्या भाषेत शुभवर्तमान सांगायचे, अशी ती राहणी होती. १२१२ साली असिसीच्या सरदार घराण्यातील क्लारा ही तरुणी घर सोडून त्यांच्या मार्गाला लागली आणि तिच्याभोवती स्त्रियांचा संघ उभा राहिला.

१२१९ साली, धर्मयुद्ध पेटलेले असताना, फ्रान्सिस इजिप्तमध्ये दमिएत्ता येथे गेले. दोन्ही सैन्ये समोरासमोर होती. एका सोबत्याला घेऊन, हाती शस्त्र नसताना, ते पलीकडच्या छावणीत सुलतान मलिक अल-कामिल यांना भेटले. सुलतानांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्यांना सुखरूप परत पाठवले. त्या प्रवासाने मात्र त्यांची प्रकृती ढासळली. पूर्वेकडे जडलेल्या नेत्ररोगाने डोळे अधू झाले; उजेड सहन होईना. इकडे संघ भराभर वाढला होता. नवे लोक, नवी मते, वाद सुरू झाले होते. १२२० साली त्यांनी संघाचे प्रमुखपद सोडले. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी संघाच्या नियमावलीवर शिक्कामोर्तब केले. थकलेले, डोळ्यांनी अधू झालेले फ्रान्सिस चाळिशी नुकतीच ओलांडत होते, आणि आयुष्याची तीन वर्षेही उरली नव्हती. त्याच महिन्याभरात त्यांच्या हातून ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हे चरित्र लिहायला घेतले.

सर्व सणांत फ्रान्सिस यांना नाताळ अधिक प्रिय होता. परमेश्वर एका आईच्या दुधावर वाढणारे तान्हे मूल झाला, याचे त्यांना नवल वाटत राही. येशूबाळाची चित्रे ते हाती घेऊन चुंबीत. बेथलेहेम हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज कोकराच्या बें-बें सारखा होई आणि त्या नावाची गोडी जिभेवर राहिल्यासारखे ते ओठ चाटीत. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले खदखदून हसतात आणि मग सगळी मिळून कोकरासारखे बेथलेहेम म्हणून पाहतात. मी त्यांना थांबवत नाही. संतांच्या गोष्टीत हसायला जागा असली, म्हणजे मुलांना संत जवळचे वाटतात.

पण त्यांचा आनंद नुसता गोडाधोडाचा नव्हता. एका नाताळला सर्व जण जेवायला बसले असता कोणी तरी मरियामातेच्या त्या रात्रीच्या गरिबीची आठवण काढली. फ्रान्सिस उठले, डोळ्यांतून पाणी वाहत असताना उघड्या जमिनीवर बसले आणि उरलेली भाकरी त्यांनी तेथेच खाल्ली. दुसरी एक आठवण ग्रेचो येथील आहे. काही चरित्रांत ती नाताळची म्हणून येते, काहींत ईस्टरची. सणासाठी बंधूंनी मेजावर पांढरी चादर घातली होती, काचेचे पेले मांडले होते. फ्रान्सिस यांनी ते पाहिले, एका भिकाऱ्याची टोपी आणि काठी घेतली, आणि सर्व जण जेवू लागल्यावर दारात उभे राहून भिक्षा मागितली. वाडगा घेऊन ते चुलीजवळ जमिनीवर बसले. कोणालाही त्यांनी रागावून बोलले नाही. मेजावर बसलेल्यांच्या घशाखाली घास उतरेना.

त्यांना आणखी एक इच्छा होती. सम्राट भेटला तर त्याला विनवावे की नाताळच्या दिवशी पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकण्याचा हुकूम काढ. ज्यांच्याकडे बैल आणि गाढवे आहेत त्यांनी त्या दिवशी त्यांना पोटभर चारा द्यावा. आणि श्रीमंतांनी गरिबांना जेवू घालावे. म्हणजे ज्या मुक्या जिवांनी बाळाला ऊब दिली त्यांचाही तो सण व्हावा.

आता ग्रेचोची हकीकत. रिएती नगराजवळच्या खोऱ्यात, डोंगराच्या कडेला ग्रेचो हे लहानसे गाव आहे. तेथे जोव्हान्नी नावाचे एक वजनदार गृहस्थ फ्रान्सिस यांचे भक्त होते. नाताळला पंधरा दिवस असताना फ्रान्सिस यांनी त्यांना बोलावणे पाठवले आणि आपली इच्छा सांगितली. बेथलेहेमात जन्मलेल्या बाळाला कोणकोणत्या गोष्टींची उणीव सोसावी लागली, तो गव्हाणीत गवतावर कसा निजला, बैल आणि गाढव शेजारी कसे उभे होते, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहायचे होते. भगिनींनो, ज्याचे डोळे विझत चालले आहेत, त्याने ही मागणी केली, हे विसरू नका.

जोव्हान्नींनी तयारी केली. ती काय होती? एक गव्हाण, वाळलेले गवत, एक बैल आणि एक गाढव. मूर्ती नव्हत्या. मरिया आणि योसेफ यांची सोंगे घेऊन कोणी उभे नव्हते. गव्हाणीत बाळही ठेवलेले नव्हते. २५ डिसेंबर १२२३ च्या त्या रात्री आसपासच्या बायाबापड्या आणि पुरुष आपापल्या ऐपतीप्रमाणे मेणबत्त्या आणि मशाली घेऊन आले. रान उजळून निघाले. गव्हाणीवर मिस्सा अर्पण करण्यात आला. फ्रान्सिस हे धर्मगुरू नव्हते, डीकनची दीक्षा त्यांनी घेतलेली होती. म्हणून त्यांनी शुभवर्तमान गाऊन वाचले आणि दरिद्री राजाच्या जन्मावर प्रवचन केले.

त्यांचे पहिले चरित्रकार सेलानोचे थॉमस यांनी १२२८–२९ च्या सुमारास, म्हणजे लोकांची आठवण ताजी असताना, ही कथा लिहिली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तेथील एका भल्या माणसाला असे दर्शन झाले की गव्हाणीत एक बाळ निश्चल पडले आहे. फ्रान्सिस जवळ गेले आणि त्यांनी त्या बाळाला जणू झोपेतून जागे केले. थॉमस त्याचा अर्थही लावतात. पुष्कळांच्या हृदयांत येशूबाळ विसरला गेला होता, तो या सेवकाने पुन्हा जागा केला. त्या गव्हाणीतले गवत पुढे लोकांनी जपून ठेवले. आजारी गुराढोरांना ते देत, आणि अडलेल्या बाळंतिणीला त्याने सुटका मिळे, अशी श्रद्धा होती. एका बाळाच्या जन्माची खूण दुसऱ्या आईच्या उशाशी जावी, हे आम्हा बायकांना समजायला वेळ लागत नाही.

यानंतरची कथा थोडी आहे. १२२४ साली ला वेर्ना डोंगरावर प्रार्थनेत असताना त्यांच्या हातापायांवर आणि कुशीत प्रभूच्या जखमांसारख्या खुणा उमटल्या. १२२५ साली सान दामियानो येथे, डोळ्यांना उजेड सोसत नसताना, त्यांनी सूर्य, चंद्र, वारा आणि पाणी यांना भाऊ-बहीण म्हणणारे स्तोत्र रचले. डोळ्यांवर उपाय म्हणून वैद्यांनी तापलेल्या लोखंडाने त्यांच्या कानशिलांना डागले. गुण आला नाही. ३ ऑक्टोबर १२२६ च्या सायंकाळी, स्वतःच्या इच्छेने उघड्या जमिनीवर निजून, त्यांनी देह ठेवला. १२२८ साली चर्चने त्यांना संत म्हणून घोषित केले. त्यांचा सण ४ ऑक्टोबरला येतो.

येशूजन्माची चित्रे फ्रान्सिस यांच्या फार आधीपासून काढली जात होती. पण घरोघर आणि देवळोदेवळी गोठा मांडण्याची रीत आपण ग्रेचोशीच जोडतो. संगमरवरी मूर्तींचा एक जुना गोठा आर्नोल्फो दि काम्बियो या शिल्पकाराने १२९१ च्या सुमारास रोमच्या सांता मारिया मज्जोरे चर्चसाठी घडवला. फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू पोर्तुगीज काळात गोव्यात आणि आमच्या वसईतही आले. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस यांच्या नावाचे चर्च आहे, त्याची आजची वास्तू १६६१ सालची. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या संघाच्या चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. १७३९ साली वसईवरचे पोर्तुगीज राज्य संपले, पण नाताळचा गोठा राहिला. आपल्याकडे त्यात भाताचा पेंढा आला, माडाच्या झावळ्या आल्या, आणि शेण सारवलेले अंगणही आले. पोप फ्रान्सिस यांनी, ज्यांनी २०१३ साली या संताचेच नाव घेतले होते, १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेचोला जाऊन गोठ्याची परंपरा जपावी असे आवाहन करणारे पत्र प्रसिद्ध केले. २०२३ साली त्या रात्रीला आठशे वर्षे झाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. मी एकदा वर्गात विचारले, २५ डिसेंबरला वाढदिवस कोणाचा? निम्म्याहून अधिक मुलांनी सांताक्लॉजचे नाव सांगितले. मुलांचा यात काय दोष? जे डोळ्यांना दिसते तेच ती सांगणार. फ्रान्सिस यांनी हेच ओळखले होते. मोठ्यांनासुद्धा नुसते ऐकून कळत नाही. पाहावे लागते, वास घ्यावा लागतो, गवताला हात लावावा लागतो. पण त्यांनी वस्तू वाढवल्या नाहीत, कमी केल्या. मधली गव्हाण रिकामी ठेवली आणि सर्वांच्या नजरा तेथे वळवल्या.

हे किती खरे आहे, ते मला एका वर्षी कळले. वर्गातील सहा वर्षांच्या एका मुलीचे वडील दिवाळीनंतर वारले. आमच्याकडे ज्या घरी दुःख असते त्या घरी त्या वर्षी सणाची गडबड नसते. चांदणी लागत नाही, कढई चढत नाही, शेजारी ताट पाठवतात. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ती पोर मला बाजूला घेऊन विचारू लागली, आमच्याकडे यंदा येशू जन्मणार नाही का? मला क्षणभर बोलवेना. नाताळ म्हणजे चांदणी, केक आणि नवा फ्रॉक असेल, तर त्या मुलीला मी होय म्हणू शकत नव्हते. नाताळ म्हणजे ग्रेचोची गव्हाण असेल, तर तो सगळ्यांत आधी तिच्याच घरी यायचा होता. मी तिला फ्रान्सिस यांची गोष्ट सांगितली. त्या रात्री तेथे कोणते पदार्थ होते, असे तिने विचारले. मी म्हटले, गवत होते आणि लोकांनी आणलेला उजेड होता. तिच्या आजीने एका लाकडी खोक्यात पेंढा घालून तो घराच्या कोपऱ्यात ठेवला. दुसरे काही केले नाही. नाताळच्या सकाळी ती मुलगी चर्चमध्ये मला शोधत आली आणि येशू आला, एवढेच सांगून आईकडे पळाली. त्या आईला मी त्या दिवशी प्रथम रडताना पाहिले. महिनाभर तिचे डोळे कोरडे होते.

तेव्हापासून आमच्या वर्गात एक साधी रीत पडली आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी रिकामी गव्हाण मांडायची. मुलाने भांडण सोडले, आजीला पाणी दिले, एकट्या पडलेल्या मुलाला खेळात घेतले, की त्याने पेंढ्याची एक काडी गव्हाणीत घालायची. काडी कशाची ते कोणाला सांगायचे नाही. बाळाची मूर्ती नाताळच्या रात्रीच ठेवायची, आणि ती घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून. भेटीचे पुडे उघडण्याआधी शुभवर्तमानातील जन्माची कथा वाचायची. सकाळी पाखरांना दाणे आणि दाराशी येणाऱ्या गाईला घास द्यायचा. आणि फराळाचे पहिले ताट, ज्या घरी कढई चढलेली नाही त्या घरी, मुलांच्या हातून पाठवायचे. सांताक्लॉजशी माझे भांडण नाही. त्याचे मूळ मायरा नगरीचे दानशूर बिशप संत निकोलस आहेत. मुलांना तेही सांगावे, म्हणजे घेणाऱ्यापेक्षा देणारा मोठा हे त्यांना कळते. केकही करावा, चांदणीही लावावी. फ्रान्सिस यांना आनंदाचे वावडे नव्हते. नाताळ शुक्रवारी आला तरी उपास करू नये, भिंतींनीसुद्धा त्या दिवशी जेवावे, अशा मताचे ते होते. फक्त चांदणी कोणाकडे बोट दाखवते, हे मुलाला ठाऊक असावे.

यासाठी पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि तो आपण बायका कामाच्या रगाड्यातून काढतो तसाच काढावा लागतो. पिठाच्या हातांनी गोष्ट सांगता येते. करंज्या भरताना मुलाला शेजारी बसवून त्या रात्रीची हकीकत सांगितली, तर ती त्याला जन्मभर पुरते.

आपल्या मंडळाने आजवर शिवणाचे वर्ग चालवले, अडलेल्यांना मदत केली, अनेक घरांत ताट पोहोचवले. हीसुद्धा गव्हाणीत घातलेली काडीच आहे. पुढील वर्षांत अशा काड्या वाढत जावोत, आणि आपल्या मुलाबाळांच्या मनात निजलेले बाळ आपल्या हातून जागे होवो, एवढीच वर्धापनदिनी प्रभुचरणी प्रार्थना.